घोड्याच्या घरातलं प्यादं

पोस्टमनला माझा संशय आला तो पाचव्या कार्डावर. मी दोंडाईच्याला शिक्षिका म्हणून नुकतीच लागले होते, स्टेशनच्या अलीकडे एक खोली घेऊन एकटी राहत होते, आणि धुळ्याहून मला आठवड्याला एक पोस्टकार्ड येत होतं. वर 'स. न. वि. वि.', खाली सही, आणि मध्ये फक्त चार आकडे. ५२५४. पुढच्या कार्डावर ७१६३. ना कुणाची खुशाली, ना पाऊसपाणी. पोस्टकार्ड उघडंच असतं, त्यामुळे ते वाचणं हा पोस्टमनचा हक्क असं आमच्याकडे सगळेच धरून चालत. पाचवं कार्ड हातात देताना तो इकडेतिकडे बघून हळूच म्हणाला, "बाई, राग नका मानू. पन हाऊ आकडा ओपनना का क्लोजना?"

मला आधी कळेचना. कळलं तेव्हा हसावं की रडावं ते समजेना. नवी मास्तरीण मटका लावते, ही बातमी गावभर व्हायला संध्याकाळसुद्धा लागली नसती. मी त्याला ओट्यावर बसवलं, आतून बुद्धिबळाचा पट आणला आणि समजावून सांगितलं. पटावर चौसष्ट घरं. प्रत्येक घराला दोन आकडी नंबर. बावन्न नंबरच्या घरातलं प्यादं चोपन्नमध्ये गेलं, म्हणून ५२५४. धुळ्याचे एक वकीलसाहेब तिकडे बसून चाल कळवतात, मी इकडून उत्तर पाठवते. त्यानं एक प्यादं उचलून उलटसुलट करून पाहिलं. मग म्हणाला, "म्हंजे हाई नुस्तं खेळनं शे?" त्याची एवढी निराशा झाली की मलाच वाईट वाटलं.

आता लोक फोनवर तीन मिनिटांत डाव संपवतात आणि हरले की लगेच दुसरा मांडतात. ऐंशीच्या दशकात आमचा एखादा डाव दिवाळी ते दिवाळी चालायचा. चूक केली तर ती आठवडाभर उशाशी घेऊन झोपावं लागे. मी तशा बऱ्याच चुका उशाशी घेतल्या आहेत, आणि त्यातली पहिली मला आजही झोंबते.

ते वकीलसाहेब धुळ्याच्या बुद्धिबळ मंडळाचे सचिव होते. दर वर्षी दिवाळीच्या सुट्टीत धुळे आणि जळगावचा सामना होई, दोन्हीकडून सहा-सहा खेळाडू. धुळ्याच्या संघातली पाच नावं ठरलेली असत. सहाव्या जागेसाठी मंडळानं पोस्टाची स्पर्धा ठेवली होती, आणि ती जिंकणाऱ्यानं शेवटी खुद्द सचिवांना पोस्टानंच हरवायचं अशी अट होती. मला ती सहावी खुर्ची हवी होती. का हवी होती याला मोठं कारण नाही. मी बरी खेळते असं मला वाटत होतं, आणि ते दुसऱ्या कुणालाच ठाऊक नव्हतं.

खेळ मला आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, शिकवला. पारोळ्याजवळच्या आमच्या गावात आबांचं शेत होतं, पण त्यांचा जीव पटात. गावातला एक पिंजारी, कापूस पिंजून झाला की हातपाय धुवून आमच्या ओसरीवर यायचा, आणि दोघं कापडी पट अंथरून बसायचे. ते खेळत तो डाव देशी. त्यात प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर पुढे सरकतं, घाई नाही. आणि प्यादं समोरच्या टोकाला पोचलं की ज्या मोहऱ्याच्या घरात पोचलं तेच मोहरं होतं. मी पाच-सहा वर्षांची असताना आबा माझं बोट धरून पटाच्या कडेनं फिरवत आणि म्हणवून घेत, "हत्तीनं घर, घोडानं घर, उंटनं घर, वजीरनं घर..." मग म्हणत, "प्यादं ज्याना घरमा जास, तेच व्हस." आई आतून ओरडायची की हे पोरीला शिकवताय की प्याद्याला!

मंडळानं पाठवलेल्या नियमांच्या कागदावर प्यादं पहिल्यांदा दोन घरं जाऊ शकतं, राजाचा किल्ला कसा बांधायचा, सगळं लिहिलं होतं. ते मी पाठ केलं. 'प्यादे अखेरच्या घरी पोचल्यास मोहरा होतो' एवढंही वाचलं. त्याच्याखाली बारीक अक्षरात आणखी एक ओळ होती, ती वाचली नाही. प्याद्याचं मोहरं कसं होतं हे मला कुणी शिकवायची गरज आहे असं मला वाटलंच नाही.

पहिल्या वर्षी मी दोंडाईच्याला यायच्या आधीच पोस्टाची स्पर्धा जिंकले आणि इथे आल्यावर सचिवांपुढे येऊन बसले, म्हणजे पोस्टानं. काळी मोहरी माझी. आठ महिने डाव चालला. शेवटी पटावर उरले दोन राजे आणि माझं एक प्यादं. दुसरा कुणी असता तर त्यानं हार मानली असती, पण वकीलसाहेब सवयीनं तारखा पाडत राहिले. माझं प्यादं पोचलं. मी कार्ड लिहिलं, ३२३१, आणि स्टेशनवरच्या डब्यात स्वतः टाकून आले. मग सुट्टीत संघाबरोबर जळगावला जाताना कुठली साडी नेसायची याचा विचार करू लागले.

उत्तर आलं. 'मोहरा कोणता केलात ते कळवावे.'

मला नवल वाटलं. एवढा मोठा वकील, आणि एवढं ठाऊक नाही? मी ताबडतोब कार्ड लिहिलं. अक्षर माझं मुळातच चांगलं, त्या दिवशी जास्तच छान काढलं. 'उंटाच्या घरात उंटच होणार, दुसरं काय? आमच्या आबांनी असंच शिकवलं आहे.'

ज्यांना खेळ येतो त्यांनी इथे कपाळावर हात मारला असेल. खऱ्या नियमात प्यादं कुठल्याही घरात पोचलं तरी तुम्ही म्हणाल ते मोहरं होतं, आणि शहाणा माणूस वजीर मागतो. वजीर असता तर पाच-दहा चालींत मात होती. एकट्या उंटानं जन्मात मात होत नाही. जिंकलेला डाव मी माझ्याच सुवाच्य अक्षरात बरोबरीत सोडला होता.

वकीलसाहेबांनी तसं कळवलं, नियमाच्या त्या बारीक ओळीखाली लाल रेघ मारून तो कागदही पाठवला. इथवर ठीक होतं. पण माझं कार्ड त्यांनी मंडळाच्या बैठकीत मोठ्यानं वाचून दाखवलं. हे मला शिरपूरच्या एका खेळाडूनं कळवलं, त्याच्याशीही माझा पोस्टानं डाव चालू होता. सगळे पोट धरून हसले म्हणे. माझं नाव पडलं 'उंटवाल्या बाई'. आणि वकीलसाहेब म्हणाले होते, "आबांना कळवा, मुघलाई संपून बरीच वर्षं झाली."

मला हसले त्याचं मी समजून घेतलं असतं. चूक माझी होती. पण आबांचं नाव घेतल्यावर माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या वर्षी सहाव्या खुर्चीवर कोण बसलं मला माहीत नाही, मी विचारलंही नाही. मी ठरवलं, पुढच्या वर्षी ही खुर्ची घ्यायची आणि त्यांच्या नाकावर टिच्चून घ्यायची.

आणि मग मी एक वाईट गोष्ट केली. दिवाळीत घरी गेले तेव्हा आबांनी नेहमीप्रमाणे कापडी पट अंथरला. पहिलं प्यादं त्यांनी एक घर पुढे सारलं. मी म्हणाले, "आबा, असं नसतं. खरा नियम वेगळा आहे. प्यादं दोन घरं जातं. आणि पोचलं की सरळ वजीर होतं, घरबीर काही नाही." माझा आवाज चढला होता. धुळ्याच्या हसण्याचा राग मी त्यांच्यावर काढत होते, आणि का काढतेय हे सांगतही नव्हते.

आबांनी पुढे सारलेलं प्यादं उचलून परत जागेवर ठेवलं. मग म्हणाले, "मंग आम्ही बठ्ठा जनमभर खोटंच खेळनूत का?"

'हो' म्हणायला तोंड उघडेना आणि 'नाही' म्हणायला अहंकार आडवा आला. त्यांनी मोहरी पिशवीत भरली, पट घडी केला. त्यानंतर मी घरी गेले की ते पीकपाण्याचं बोलत, शाळेची चौकशी करत, पण पट काढत नसत. पिंजारी काका वारले होते, म्हणजे मी नाही म्हटल्यावर त्यांच्यासमोर बसायला कुणीच नव्हतं. हे मला तेव्हा कळत होतं आणि तरी मी गप्प राहिले.

शिकायला मात्र मी जिवापाड लागले. वाचनालयात बुद्धिबळाचं एकच पुस्तक होतं आणि त्याची पहिली निम्मी पानं कुणीतरी फाडून नेली होती. त्यामुळे डावाची सुरुवात कशी करायची हे मला शेवटपर्यंत नीट आलं नाही, पण शेवट कसा करायचा ते तोंडपाठ झालं. एका वेळी आठ-आठ डाव खेळू लागले. पट एकच, म्हणून शाळेतल्या जुन्या फुटक्या पाट्या आणल्या, त्यांवर खडूनं घरं आखली, आणि भिंतीला ओळीनं टेकवून ठेवल्या. एक पाटी शिरपूरची, एक चाळीसगावची, एक भुसावळची. खोली झाडताना पदर लागून भुसावळचा हत्ती पुसला गेला आणि तो कुठे होता हे आठवण्यात माझा सबंध रविवार गेला.

खेळ सुधारला तरी माझी खेळायची रीत बदलली नाही. दोन घरं जायची मोकळीक असूनही माझा हात प्यादं एकच घर पुढे सारायचा. प्रत्येक प्याद्यामागे दुसरं उभं करायचं, ज्याला आबा 'जोर' म्हणत. जोर असल्याशिवाय मी काहीही पुढे पाठवत नसे. समोरचे कंटाळत. शिरपूरकरांनी एकदा चालीखाली लिहिलं, 'बाई, तुमच्याशी खेळणे म्हणजे बाभळीच्या कुंपणातून जाणे.' मी ते कार्ड जपून ठेवलं. मला तेव्हा वाटायचं, ही माझी गावठी खोड आहे आणि ती एक दिवस जाईल.

पोस्टमन आता माझ्या बाजूनं झाला होता. सायकल टेकवायच्या आधीच ओरडायचा, "बाई, भुसावळना आकडा उना!" एखाद्या डावात माझं वाईट चाललंय हे त्याला माझ्या तोंडावरून कळायचं, आणि त्या कार्डावरच्या आकड्यांकडे तो रागानं बघायचा.

दुसऱ्या वर्षीही मी पोस्टाची स्पर्धा जिंकले आणि पुन्हा वकीलसाहेबांसमोर आले. या वेळी पांढरी मोहरी माझी. पहिल्या कार्डावर त्यांनी चालीखाली लिहिलं, 'उंट या वर्षी सुखरूप आहे ना?' मी उत्तरात फक्त माझी चाल लिहिली. असं उत्तर लिहिताना किती शाई जिभेवर येते ते ज्याचं त्याला ठाऊक.

माणूस पोस्टकार्डातूनही ओळखता येतो. दोन वर्षांत मला एवढं समजलं होतं की वकीलसाहेब फार हुशार आहेत, माझ्यापेक्षा पुष्कळ जास्त वाचलेले आहेत, आणि समोर काही फुकट ठेवलं की त्यांच्यानं राहवत नाही. ते घेतात. घेऊन वर टोमणाही लिहितात.

दिवाळी महिन्यावर आली तेव्हा माझा डाव बुडत होता. त्यांच्याकडे वजीर होता. माझ्याकडे एक हत्ती, राजाच्या पुढ्यातली तीन प्यादी, आणि डावीकडे पुढे गेलेलं एक प्यादं, टोकापासून दोन घरांवर. ते प्यादं पुढे सरकवलं की त्याच्या आडोशाला उभा असलेला माझा हत्ती त्यांच्या वजिराच्या तोंडात पडत होता. त्यांनी हत्ती घेतला आणि मी प्याद्याचा वजीर केला, तर माझा नवा वजीर पटावर येऊन बसायच्या आत ते दोन चालींत मला मात करत होते. नेहमीसारखं सावकाश खेळले, तर गळफास जरा हळू आवळला जाणार, एवढंच. चार दिवस मी ती पाटी पुढ्यात घेऊन बसत होते.

रविवारी दुपारी हार मानल्याचं कार्ड लिहायला घेतलं. पत्ता लिहून झाला. पेनाचं टोक पाटीच्या कडेवरून फिरत होतं, नुसता चाळा, आणि मी मनातल्या मनात पुटपुटत होते, हत्तीनं घर, घोडानं घर...

मी थांबले. परत पहिल्यापासून मोजलं. माझं प्यादं डावीकडून दुसऱ्या उभ्या रांगेत होतं. ते पोचणार होतं घोड्याच्या घरात.

आबांच्या ओसरीवर हे प्यादं वजीर झालंच नसतं. घोडा झालं असतं. मी खडू घेतला आणि त्या घरात 'घो' लिहिलं. घोडा अडीच घरं जातो. अडीच घरांवर एका बाजूला त्यांचा राजा उभा होता. आणि माझा हत्ती मारून त्यांचा वजीर जिथे येऊन बसणार होता, ते घर दुसऱ्या बाजूला अडीच घरांवर होतं. राजाला शह, आणि वजीर आयता माझ्या हातात. वजीर मागितला तर मी मेले, घोडा मागितला तर डाव माझा. मी खोलीत एकटी असताना एवढ्या मोठ्यानं ओरडले की शेजारच्या अक्का पोळीचं लाटणं घेऊन धावत आल्या. त्यांना वाटलं साप निघाला.

एक गोष्ट उरली होती. वकीलसाहेबांनी हत्ती न घेता वजीर बाजूला काढला असता, तर मी हरले असते. पण मी त्यांना ओळखत होते. हार मानल्याचं कार्ड फाडून टाकलं आणि नव्यावर लिहिलं, २६२७.

सहा दिवसांनी कार्ड आलं. पोस्टमननं ते स्वतःच वाचून दाखवलं, "सहासष्ट सोळा. आन् खाले काईतरी लिखेल शे." लिहिलं होतं, 'हत्ती मिळाला, आभारी आहे. आता प्याद्याचा वजीर करावा, आम्ही मात करतो. या वर्षी उंट नको.'

मी त्याच्यासमोरच उत्तर लिहिलं. प्यादं मोहरं झालं की चार आकड्यांनंतर पाचवा आकडा लिहायचा असतो, वजिरासाठी एक, घोड्यासाठी चार. लाल रेघ मारलेली ती बारीक ओळ हेच सांगत होती. २७२८४. पोस्टमन आकडे मोजून म्हणाला, "बाई, आज पाच?" मी म्हटलं, आज पाच. आणि मग मला राहवलं नाही. खाली सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'घोड्याच्या घरात घोडाच होणार, दुसरं काय? आमच्या आबांनी असंच शिकवलं आहे.'

नऊ दिवस उत्तर आलं नाही. दहाव्या दिवशी मी वर्गात बेरजा घेत होते, तर पोस्टमन शाळेच्या दारात उभा, हातात कार्ड उंच धरून. सगळ्या वर्गासमोर तो ओरडला, "बाई, लागना! आकडा लागना!" हेडमास्तर बाहेर आले. त्यांना ते समजावून सांगायला मला पुढचा तास लागला, पण तेव्हा मला कशाचीच पर्वा नव्हती.

कार्डावर एकही आकडा नव्हता. 'डाव सोडला. सामन्यासाठी आपले नाव कळवले आहे. हे कार्डही मी मंडळात वाचून दाखवले. या वेळी कुणी हसले नाही. आबांना माझा नमस्कार सांगावा.' मी वकिलांवर वर्षभर दात खाऊन होते, आणि त्या शेवटच्या ओळीनं सगळा राग उतरला. माणूस दिलदार निघाला.

सामना दिवाळीनंतर होता. जळगावला मी सहाव्या पटावर बसले, नेहमीसारखी एकेक घर प्यादी सारली, आणि समोरच्या इंजिनिअरला बाभळीच्या कुंपणात अडकवून हरवलं. मंडळातल्या पाच जणांनी हात मिळवला. उंटाचं नाव कुणी काढलं नाही. पण खरं सांगायचं तर माझं जिंकून त्याच्या आधीच झालं होतं, दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी.

त्या दिवशी घरी आबा ओसरीवर वाती वळत बसले होते. मी आत जाऊन फडताळातून पिशवी काढली आणि त्यांच्यासमोर कापडी पट अंथरला. ते बघत बघत वाती वळत राहिले. मी तो डाव मांडला, वकिलांचा राजा, वकिलांचा वजीर, माझा राजा, माझी तीन प्यादी, आणि ते एक प्यादं टोकाच्या अलीकडे. मग ते प्यादं टोकाला सरकवलं आणि विचारलं, "आबा, हे पोचलं. आता काय होईल?"

त्यांनी माझ्याकडे तिरकं बघितलं. "तुना कायदामा ते वजीर व्हस ना?"

"माझा कायदा राहू द्या. तुमच्या कायद्यानं सांगा."

आबांनी वाती बाजूला ठेवल्या. काढून ठेवलेल्या मोहऱ्यांतून घोडा शोधला, प्यादं उचललं आणि त्या घरात घोडा ठेवला. "घोडाना घरमा घोडाच व्हई, दुसरं काय?"

मग त्यांची नजर राजावर गेली, तिथून वजिरावर, परत राजावर. ते पुढे वाकले. मी त्यांना सगळं सांगितलं, उंटाचं, धुळ्याच्या हसण्याचं, आणि गेल्या दिवाळीत मी चुकीचं बोलले हेही. वकिलांचा नमस्कार सांगितला. ते ऐकत होते की नाही कुणास ठाऊक, कारण त्यांचा हात पटावर होता. त्यांनी स्वतःच घोडा उचलला, अडीच घरं नेला, वजीर मारला आणि तो मुठीत घट्ट धरून खदाखदा हसले. डोळे पुसले. म्हणाले, "म्हंजे खोटं नव्हतं."

"नव्हतं, आबा."

"आते मांड."

मी सगळी मोहरी मांडली. पांढरी त्यांनी मला दिली. मी राजापुढचं प्यादं उचललं आणि एकच घर पुढे ठेवलं.